ॲक्रिलिकच्या तक्त्यास भोक पाडतांना

दारावरील नामफलकाचीं तीन भोकें नीट पडावींत आणि चौथ्यास ॲक्रिलिकचा तक्ता तडकावा, हा अनुभव विरळा नाहीं. दोष बहुधा घाईचा असतो.

ॲक्रिलिक उष्णता लवकर वाहून नेत नाहीं. सुमारें १०५ अंश सेल्सिअसला तें मऊ पडतें व कीस बिटास चिकटतो. म्हणून हातड्रिल सावकाश फिरवावें, वारंवार वर काढून कीस झाडावा, पाण्याचे थेंब सोडावे. धातूसाठीं धारविलेलें बिट एकदम आंत रुततें. त्याची धार दगडावर किंचित् मोडावी. तडा बहुधा टोंक पलीकडे निघतांना जातो. यास्तव खालीं लांकडी फळी घट्ट आवळावी. भोक स्क्रूहून थोडें मोठें असावें, कारण उन्हानें तक्ता प्रसरण पावतो.

ज्याचा हात शेवटच्या भोकापर्यंत संयम राखतो, त्याचाच फलक अखंड दारावर चढतो.