परीक्षेची परीक्षा



आजच्या विषयाचे नाव पत्रिकेत वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. कामगारांच्या पगाराचे हिशेब मांडणाऱ्या माणसाने कुत्र्यांच्या रक्ततपासणीवर काय बोलावे? आम्ही डॉक्टर नव्हे, प्राध्यापकही नव्हे. जे थोडेफार शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर बसून. परंतु माप कोणाचे आणि ते तपासले कोणी, हा जो प्रश्न युनियनच्या कामात आमच्यापुढे नेहमी येतो, तोच येथेही उभा आहे.

बॅबेसिया हा एकपेशीय परोपजीवी आहे. गोचीड कुत्र्याला चिकटली की तिच्या लाळेतून तो रक्तात उतरतो, तांबड्या पेशींत शिरतो आणि त्या फोडतो. जनावराला ताप भरतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी तांबूस होते. वेळीच उपचार न झाल्यास ते दगावते. ह्यातली बॅबेसिया गिब्सोनी ही बारीक जात प्रथम आपल्याच देशात नोंदली गेली. १९१० साली पॅटन ह्यांनी मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात तिचा शोध लावला.

जुनी तपासणी साधी आहे. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरावा, गिम्साचा रंग चढवावा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. खर्च थोडा आणि उत्तर तासाभरात. तापाने फणफणलेल्या कुत्र्यात जंतू बहुधा दिसतो. परंतु दुखणे जुने झाले की हजारो पेशींत एखादीच बाधित राहते, आणि तरबेज डोळाही फसतो. असे कुत्रे वरून धडधाकट दिसते. त्याचे रक्त दुसऱ्या आजारी कुत्र्याला दिले, तर रक्ताबरोबर रोगही जातो.

येथे रेणवीय परीक्षा कामास येते. १९८३ साली केरी म्युलिस ह्यांना पीसीआरची कल्पना सुचली. १९९३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जंतूच्या डीएनएचा नेमका तुकडा हेरून, तापवणे आणि निववणे ह्यांच्या फेऱ्यांत तो दुप्पट करीत जायचे. दर फेरीला दुप्पट झाला, तर ३० फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींवर होतात.

ह्या पद्धतीचे प्रकार पुष्कळ. नेस्टेड पीसीआरमध्ये वाढवलेला तुकडा घेऊन पुन्हा वाढवतात. त्यामुळे थोडकाही जंतू सापडतो. पण मध्ये नळी उघडावी लागते, आणि उडालेला सूक्ष्म कण शेजारच्या निरोगी नमुन्यात पडला तर त्यालाही रोगी ठरवतो. रिअल-टाइम पीसीआरमध्ये नळी बंदच राहते आणि जंतूचे प्रमाणही कळते. मात्र यंत्र महाग. जपानमध्ये निघालेली, २००० साली प्रसिद्ध झालेली लॅम्प ही पद्धत ६० ते ६५ अंशांच्या एकाच उष्णतेवर चालते. उत्तर नुसत्या डोळ्यांनीही पाहता येते. लहान गावाला ती सोयीची, परंतु हात स्वच्छ नसेल तर तीही फसवते. शिवाय कोणते जनुक हेरले ह्यावरही पुष्कळ अवलंबून असते. पेशीत ज्याच्या प्रती अधिक, ते सापडायला सोपे.

आता तुलनेतला खरा पेच पाहा. समजा, शंभर कुत्री तपासली. सूक्ष्मदर्शकाने दहांत जंतू दाखवला; पीसीआरने त्या दहांसह पंचवीसांत. सूक्ष्मदर्शक प्रमाण मानला, तर पीसीआरच्या नावे पंधरा चुका पडतात. पीसीआर प्रमाण मानली, तर सूक्ष्मदर्शकाने पंधरा रोगी सोडले असे ठरते. कुत्री तीच, रक्त तेच, निकाल मात्र उलटा! ज्या काट्याबद्दल तक्रार आहे, त्याच काट्यावर फेरवजन करून तक्रार निकालात काढावी, तसा हा प्रकार होय. म्हणून जबाबदार संशोधक दुसरे जनुक घेऊन पुन्हा तपासतात, सापडलेल्या तुकड्याची अक्षरे वाचून जात पक्की करतात, आणि दर खेपेस नुसत्या पाण्याचीही एक नळी लावतात. पाण्यात जंतू निघाला, तर त्या खेपेचे सारे निकाल बाद!

ही चिकित्सा नुसती पंडितांची हौस नव्हे. मोठ्या जातीच्या बॅबेसियावर इमिडोकार्ब चालते. गिब्सोनीवर ते पुरे पडत नाही, तेथे अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन अशी जोडी द्यावी लागते. जात चुकली तर औषध चुकते, पैसा जातो आणि जनावरही जाते. उपचारानंतरही साधारण ६० आणि ९० दिवसांनी दोनदा पीसीआर करावी असे जाणकार सांगतात, कारण एका नळीतल्या रक्तात जंतू आला नाही म्हणजे तो अंगातून गेला असे होत नाही. उलट, निरोगी दिसणाऱ्या कुत्र्यात त्याचा डीएनए सापडला, तर आजचा ताप त्याचाच असेही सिद्ध होत नाही. चिठ्ठी आणि जनावर, दोन्ही पाहूनच वैद्याने बोलावे.

तेव्हा सर्वांत चांगली परीक्षा कोणती, असे कोणी विचारल्यास आम्ही म्हणू, आधी काम सांगा. तापलेले कुत्रे समोर असेल तर काचपट्टी आजच्या आज करा. तिच्यात काही न दिसल्यास तेवढ्यावर थांबू नका. रक्तदाता कुत्रा निवडायचा असेल तर पीसीआरवाचून चालू नये. आणि जेथे प्रयोगशाळा दिवसभराच्या वाटेवर आहे, तेथे रक्ताची नळी पोचवण्याची सोय हाही परीक्षेचाच भाग समजा. हातगाडीवाल्याच्या दारातले कुत्रेही कुत्रेच आहे. त्याच्यापर्यंत न पोचणारी परीक्षा कागदावर शंभरात नव्व्याण्णव गुण मिळवीत असली, तरी त्या दारापुरते तिचे गुण शून्यच धरावे लागतात.