त्वचा ओळखावी कशी, राखावी कशी



त्वचेचा विषय निघाला की सौंदर्यप्रसाधनांची आठवण आधी होते. वस्तुतः त्वचा हा शरीराचा सर्वांत विस्तृत अवयव होय. प्रौढ माणसाच्या अंगावर तिचा पसारा सुमारे दीड ते दोन चौरस मीटर भरतो. बाहेरचे जंतू आत येऊ न देणे, आतील ओलावा राखणे आणि घामावाटे देह थंड ठेवणे ही तिची खरी कामे. कांती हे ती कामे सुरळीत चालल्याचे केवळ लक्षण आहे.

त्वचेतील तैलग्रंथी किती स्निग्ध द्रव्य स्रवतात यावरून तेलकट, कोरडी, मिश्र व साधारण असे त्वचेचे प्रकार मानले जातात. नाजूक त्वचा ही यांपैकी कोणत्याही प्रकारात आढळू शकते. प्रकार ओळखण्याची रीत सोपी आहे. सकाळी सौम्य साबणाने चेहरा धुऊन टिपावा आणि काहीही न लावता, घाम येणार नाही अशा जागी तासभर बसावे. मग पातळ कागद कपाळ, नाक व गालांवर हलकेच दाबावा. सर्वत्र तेलाचे डाग उमटले तर त्वचा तेलकट, केवळ कपाळ व नाकावरचे उमटले तर मिश्र, आणि कागद कोरडा राहून चेहरा ताणल्यासारखा वाटला तर कोरडी समजावी.

घाम न येणाऱ्या जागेची अट गोमंतकात विशेष महत्त्वाची. येथील दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, चेहरा दिवसभर चकाकतो, आणि ‘त्वचा तेलकट आहे’ असा निर्णय घरोघरी आरशापुढेच होऊन जातो. घाम म्हणजे पाणी व क्षार. त्याचा कागदावरील डाग वाळून जातो, तेलाचा पारदर्शक डाग तसाच राहतो. हा भेद न कळल्यामुळे कित्येकजण दिवसातून चार-पाच वेळा चेहऱ्याला साबण लावतात. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो, तर नेहमीचा साबण अल्कधर्मी. वारंवार धुण्याने वरचे रक्षक स्निग्ध आवरण निघून जाते. त्वचा खरखरीत होते, खाजते, आणि मग ती खाज शमवण्यासाठी नवे मलम घरात येते. साबण दोनदा पुरे. एरव्ही साधे पाणी.

हा प्रकार जन्मभर एकच राहतो असेही नाही. पौगंडावस्थेत तेल वाढते, उतारवयात आटते. पणजीस राहणारा माणूस पौषात चोर्ला घाट चढून बेळगावी चार दिवस राहिला, तरी त्याचे ओठ फुटू लागतात. बारा महिने एकच डबी वापरण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही.

खोबरेल तेल ही कोकणपट्टीची जुनी सोय. स्नानानंतर अंग किंचित ओले असताना ते कोरड्या हातापायांना चोळल्यास ओलावा टिकतो. मात्र मुरुमे असलेल्या चेहऱ्याला ते लावू नये. केसांना थापलेले तेल कपाळावर ओघळले तरी तेथे पुटकुळ्या उठतात. तळहात व तळपायांना तैलग्रंथी मुळीच नसतात. त्यामुळे कोळंबी सोलणाऱ्या, भांडी घासणाऱ्या स्त्रियांचे तळहात आधी फुटतात. त्यांना रात्री तेल अवश्य हवे. भातलावणीत पायाच्या बोटांत चिखल्या होतात, तेथे तेल नको. बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या ठेवणे हाच पहिला उपाय.

उन्हाचे म्हणाल तर, 1975 साली अमेरिकन त्वचातज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांनी त्वचा उन्हाला कसा प्रतिसाद देते यावरून वर्गीकरण मांडले. पुढे त्याचे सहा प्रकार झाले. बहुसंख्य भारतीय चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडतात. हा सावळा रंग म्हणजे उन्हापासूनचे नैसर्गिक संरक्षण आहे. वांग असलेल्यांनी मात्र छत्री विसरू नये. लिंबाचा रस चोळून उन्हात जाण्याने तर उलट काळे चट्टे पडतात.

आणि हेच संरक्षण पुसून टाकण्याची धडपड लग्नसराईत सुरू होते. शेजारणीने सुचविलेले, दुकानातून आणलेले मलम आठवड्यात चेहरा उजळ करते, तेव्हा त्यात पुष्कळदा स्टिरॉइड असते. पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुमे व लव वाढते. मलम थांबविताच आग होते म्हणून ते सोडवत नाही. गजकर्णावर असे मिश्र मलम लावले तर खाज थांबते, पण बुरशी पसरतच राहते. याच कारणास्तव केंद्र शासनाने 2018 मध्ये अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली. ज्यांनी ती महिनोन्महिने लावली आहेत त्यांनी लाजेने लपवू नये. त्वचारोगतज्ज्ञांना डबीच नेऊन दाखवावी, कारण सोडण्याचीही पद्धत असते.

एक चट्टा मात्र कोणत्याही प्रसाधनाने झाकू नये. आसपासच्या त्वचेहून फिकट वा लालसर, आणि स्पर्श न जाणवणारा डाग हे कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. सहा महिने ते वर्षभर औषधे नियमित घेतल्यास तो पूर्ण बरा होतो, आणि ही औषधे शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात.