उष्ण हवेत बियांपासून भाजीपाला : ठाणे-कल्याण परिसराचा विचार



बियाण्याची पुडी आणली, वाफ्यात टाकली, पाणी घातले आणि काहीच उगवले नाही, असा अनुभव ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरातील पुष्कळ नवशिक्यांना येतो. ‘हाताला गुण नाही’ असे म्हणून विषय तेथेच संपविला जातो. शाळेच्या बागेत हे घडले तर नुकसान पुडीच्या किंमतीपेक्षा बरेच मोठे असते. ज्याचा पहिलाच वाफा उजाड राहिला तो विद्यार्थी पुन्हा कुदळ हाती घ्यावयास सहसा राजी होत नाही. वस्तुतः हातगुणाचा येथे संबंध नसतो. बी उगवणे हा ऊब, ओल, हवा आणि बियाचे वय यांचा हिशेब होय, आणि हा हिशेब ठाणे जिल्ह्यात घाटावरच्यापेक्षा निराळा आहे.

येथे वर्षाकाठी सुमारे २५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उन्हाळ्यात कल्याण-मुरबाडकडे पारा ४० अंशांच्या आसपास चढतो. थंडी बहुधा नावापुरतीच. पुडीवर छापलेले ‘पेरणीचा काळ : जून-जुलै’ हे शब्द कोरड्या मुलखात ठीक असतील, येथे जुलैत मेथी-कोथिंबीर उघड्यावर पेरणे म्हणजे बी शब्दशः पाण्यात घालणे होय. पावसाळा हा वेलींचा. शिराळे, पडवळ, कारले, काकडी, दुधी यांचे बी मृगाच्या सुमारास मांडवाच्या पायथ्याशी उंच आळ्यात टोचावे. भेंडी आणि चवळीही वरंब्यावर येतात. मुळा, पालक, मेथी, कोथिंबीर यांची खरी वेळ ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत. उन्हात मेथी-कोथिंबीर पाने देण्याआधीच फुलावर येते, आणि अलीकडे गॅलरीत लावण्याची हौस वाढलेल्या सॅलडच्या पानांचे बी तर ३० अंशांच्या पुढे मातीत झोपूनच राहते. भातकापणीनंतर खाचरात उरलेल्या ओलीवर वाल पेरण्याची शेतकऱ्याची चाल ही या हवामानाची नेमकी पारख आहे. नवशिक्याने पुस्तक उघडण्यापूर्वी शेजारचे खाचर पाहावे हे उत्तम.

वांगी, मिरची, टोमॅटो यांचे बी बारीक असल्याने आधी रोपे करावी लागतात, आणि पावसाळ्यातील खरा घात येथेच होतो. सकाळी तरारलेली रोपे संध्याकाळी जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडलेली दिसतात. यालाच रोपे कोलमडणे म्हणतात. मातीत सदैव असणाऱ्या पिथियमसारख्या बुरशीचे हे काम असून साचलेली ओल आणि दाटीची पेरणी तिला आयते निमंत्रण देतात. म्हणून गादीवाफा सुमारे १ मीटर रुंद व १५ सेंटिमीटर उंच करावा. बी फोकून न देता १० सेंटिमीटर अंतराच्या ओळींत विरळ पेरावे आणि बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिपटीहून अधिक खोल पुरू नये. पेरणीपूर्वी किलोमागे ३ ग्रॅम थायरम किंवा ४ ते ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा बियास चोळावे. थायरम चोळलेले उरलेले बी कदापि स्वयंपाकघरात जाऊ देऊ नये. मुसळधार सरीचा मार थेट बसू नये एवढाच आडोसा वाफ्यावर असावा, कारण अंधारात वाढलेली रोपे लांबट आणि दुबळी होतात.

भातरोपांसाठी जमिनीवर राब जाळण्याची या भागातील जुनी पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. तणाचे बी आणि मातीतील रोगजंतू यांना उष्णतेने मारणे हा तिचा एक उपयोग. पालापाचोळा न जाळताही तो साधता येतो. एप्रिल-मे महिन्यांत वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे घट्ट ताणून ठेवले, म्हणजे तेच काम ऊन करते. ज्या उन्हाची तक्रार केली जाते, ते असे राबविता येते.

बियाच्या वयाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. १९६६ च्या बियाणे कायद्यानुसार प्रमाणित बियाण्यास निळी खूणचिठ्ठी असते. तिच्यावरील चाचणीची तारीख आणि मुदत वाचूनच पुडी घ्यावी. प्रमाणित बियाण्यासाठी टोमॅटो व वांगे यांची किमान उगवण ७० टक्के, भेंडीची ६५, मिरचीची ६० टक्के ठरलेली आहे. म्हणजे चांगल्या बियाण्यातही शंभरातील तीसेक बिया उगवणार नाहीत, हे मुलांना आधीच सांगितलेले बरे. शंभर बिया मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळाव्यात आणि आठ-दहा दिवसांनी मोड मोजावेत. शाळेत याहून स्वस्त प्रयोग नाही, आणि त्यात टक्केवारीचा धडाही होऊन जातो.

घरचे बी राखणारांनी संकरित वाणाचे बी पुढच्या वर्षी तसेच निघेल अशी आशा धरू नये. सरळ वाणाचे बी ठेवता येते. परभणी क्रांती ही भेंडी अशा वाणांपैकी होय. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या केवडा रोगास दाद न देणारा वाण म्हणून १९८५ च्या सुमारास ती प्रसारात आली. परंतु कोकणच्या दमट हवेत बी टिकविणे कठीण. बियातील ओलावा एका टक्क्याने घटला की त्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा ढोबळ नियम अमेरिकन शास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांनी सांगितला आहे. चुलीवरच्या धुरात टांगलेले दोडके आणि राखेत घोळलेले बी यांमागे हेच तत्त्व होते. डोंबिवलीच्या सदनिकेत चूल नाही. तेथे सावलीत खडखडीत वाळविलेले बी घट्ट झाकणाच्या बाटलीत सिलिका जेलच्या पुडीसह शीतकपाटात ठेवावे. कांद्याचे बी मात्र एका वर्षाहून अधिक काळ भरवशाचे राहत नाही.

पाण्याविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. लोहमार्गालगतच्या मोकळ्या जमिनी ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेखाली भाजीसाठी देण्याची रेल्वेची जुनी प्रथा होती. हेतू चांगलाच होता. पण भाजीला उघड्या नाल्याचे पाणी दिले, की पालेभाजी जंतू घेऊन घरी येते आणि त्यात कारखान्यांचे सांडपाणी मिसळलेले असेल तर जड धातूही. जंतू शिजविल्याने मरतात, धातू जात नाहीत. शाळेच्या किंवा पंचायतीच्या बागेस असे पाणी चुकूनही देऊ नये. भांडी न घासता केवळ तांदूळ-भाजी धुतलेले पाणी त्यापेक्षा शतपट बरे.

बियाण्यांचे वाटप एकाच वेळी न करता दोनदा व्हावे : वेलभाज्यांचे मेच्या अखेरीस, पालेभाज्यांचे सप्टेंबरच्या शेवटी. शाळा जूनच्या मध्यास उघडतात, तोवर मृगाचा पाऊस सुरू झालेला असतो. म्हणून शाळांनी शिराळे आणि पडवळ यांचे बी पहिल्याच आठवड्यात मातीच्या पिशव्यांत, पडवीच्या आडोशाने लावावे आणि दोन-तीन पाने फुटताच मांडवाखाली न्यावे. त्या वेलींची फळे ऋषिपंचमीच्या भाजीसाठी हाती येतात.