पोथीची पुष्पिका आणि खेळाची टिपणे



जुन्या पोथीचे शेवटचे पान उलटले की मूळ मजकुराखाली चार ओळी वेगळ्या आढळतात. पोथी कोणी लिहिली, कोणत्या शकात, कोणासाठी. आणि चूक झाली असल्यास वाचकाने ती शुद्ध करून घ्यावी. या नोंदीला पुष्पिका म्हणतात. संगणकावरील खेळांच्या जगातही पुष्पिका लिहिल्या जातात, हे अनेक वडीलधाऱ्यांना नवल वाटेल.

10 डिसेंबर 1993 रोजी अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीचा ‘डूम’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीच्या ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ या खेळात हौशी मंडळींनी आपले नकाशे घुसवले होते. मात्र त्यासाठी मूळ फाइलच बदलावी लागे. जॉन कारमॅक यांनी हे पाहिले आणि मनाई करण्याऐवजी सोय केली. डूममध्ये खेळ चालवणारा प्रोग्रॅम निराळा, आणि नकाशे, चित्रे, आवाज हे सारे साहित्य ‘वॅड’ नावाच्या फाइलीत निराळे. खेळाडूने आपली लहानशी वॅड फाइल शेजारी ठेवावी, खेळ सुरू करताना तिचे नाव सांगावे. मूळ खेळ जसाच्या तसा राहतो. कंपनीची स्वतःची नकाशे रचण्याची साधने नेक्स्ट संगणकावर चालत, घरगुती संगणकावर नव्हे. तेव्हा 1994 मध्ये हौशी लोकांनीच ‘डीईयू’ नावाचे संपादन-साधन तयार केले आणि फुकट वाटले.

अशा हजारो जोड-फाइलींच्या सार्वजनिक संग्रहात प्रत्येकीसोबत एक साधी मजकूर-फाइल असते. तिचे रकाने ठरलेले. नाव, कर्ता, साहाय्य करणाऱ्यांचे ऋण. नकाशा कोऱ्या पाटीवर रचला की दुसऱ्या कोणाच्या नकाशावरून? कोणती साधने वापरली? किती वेळ लागला? ज्ञात दोष कोणते? या शेवटच्या रकान्यात ‘काही नाहीत’ असे लिहिणारे पुष्कळ. त्यांच्यावर विश्वास कितपत ठेवावा, हे खेळणाऱ्याने ठरवावे. ज्याने ‘अमुक दार कधीकधी उघडत नाही’ असे लिहून ठेवले, त्याने पुढच्या माणसाचे तास वाचवले.

सर्वांत महत्त्वाचा रकाना परवानगीचा आहे. या नकाशाचा आधार घेऊन इतरांनी नवी रचना करावी, की करू नये? इथे पैठणच्या एकनाथमहाराजांचे स्मरण होते. शके 1506 मध्ये, म्हणजे इ. स. 1584 मध्ये, त्यांनी पाठभेदांनी बिघडलेली ज्ञानेश्वरी शुद्ध केली. आणि पुढे कोणी तीत आपली ओवी मिसळील तर त्याला कडक शब्दांत बजावले. शुद्ध पाठ राखायचा तर ‘करू नये’ हे म्हणणे योग्यच. पण नकाशा हा ग्रंथ नव्हे. त्याला दुरुस्ती लागते, आणि कर्ता नेहमी हाताशी नसतो.

डिसेंबर 1997 मध्ये डूमचा मूळ प्रोग्रॅम कारमॅक यांनी खुला केला. त्यामुळे इतरांनी रचलेल्या नव्या चालकांवर 1994 चे नकाशे आजच्या संगणकावरही चालतात. म्हणूनच तेव्हा घाईने भरलेल्या एका रकान्याचे ओझे आज जाणवते. एखाद्या सोळा वर्षांच्या मुलाने त्या काळी ‘आधार घेऊ नये’ ही तयार ओळ तशीच राहू दिली असेल, कदाचित वाचलीही नसेल. पुढे त्याचा ई-मेलचा पत्ता बंद पडतो आणि विचारायला कोणी उरत नाही. सभ्य माणूस मग त्या नकाशाला हात लावत नाही, अडलेले दार अडलेलेच राहते. याउलट ज्याने त्या जागी ‘नाव सांगा आणि खुशाल वापरा’ असे लिहिले, त्याच्या रचनेत दुसऱ्याने खोल्या वाढवल्या, तिसऱ्याने चुका काढल्या. आणि प्रत्येकाच्या मजकूर-फाइलीत साहाय्याच्या रकान्यात त्या पहिल्याचे नाव येत राहिले.

या शाळेच्या संगणक कक्षात मुले आता स्वतःचे छोटे खेळ रचू लागली आहेत. फाइल जतन करताना तिच्याशेजारी एक कोरी मजकूर-फाइल उघडावी. पहिला रकाना नावाचा आहे. दुसऱ्यात, रचना कोणावरून घेतली, ते.