ओट्सला आपली फोडणी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सप्ताहात ज्येष्ठ नागरिकांच्या सभेत केलेले भाषण)



कमिटीने मला 'ठेवी, नॉमिनेशन आणि मृत्युपत्र' हा विषय दिला होता. बँकेत ३४ वर्षे काढलेल्या माणसाला दुसरे काय येणार, असा त्यांचा समज असावा. पण नॉमिनेशनवर मी याच हॉलमध्ये तीन वेळा बोललो आहे. ज्यांना फॉर्म भरायचे होते त्यांनी भरले, बाकीच्यांना चौथ्या भाषणाने फरक पडणार नाही. म्हणून मी विषय बदलून मागितला. आज मी ओट्सवर बोलणार आहे. मागच्या रांगेतले हसू ऐकू आले, चालेल.

आपण पझेशन घेतले तेव्हा बहुतेक जण पंचेचाळीस-पन्नाशीत होतो. आज आपल्या चार विंगमध्ये अशी किती घरे आहेत बघा, जिथे दोनच माणसे राहतात, आणि काही घरांत तर एकच. मुले बंगळूरला नाहीतर परदेशात. स्वयंपाकाच्या बाई येतात साडेदहाला. तोपर्यंत आपण काय खातो? चहा, दोन बिस्किटे, नाहीतर खारी. आणि त्यावर बीपीची, शुगरची गोळी. गेल्या वर्षी आपल्यापैकी दोघांना जिन्यात चक्कर आली, दोन्ही वेळा सकाळी नवाच्या सुमारास. ते दोघेही समोर बसले आहेत, नावे घेत नाही.

आता आमच्या घरचे सांगतो. हिची परवानगी घेतली आहे. चार वर्षांपूर्वी हिला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे गेले आणि गिळणेही अवघड झाले. घरी आणल्यावर सकाळचा नाश्ता माझ्याकडे आला. पोहे देता येत नव्हते, कोरडा कण घशात अडकायचा. चहात बुडवलेले बिस्कीटही नको असे थेरपिस्टबाईंनी बजावले होते, कारण पातळ आणि घट्ट एकाच घासात आले की ठसका लागतो. सगळे एकसारखे, दाटसर, गुठळी नसलेले हवे. हॉस्पिटलच्या आहारपत्रकात होते 'ओट्स, दुधात शिजवून, साखर कमी'. तसे मी दिले. तीन दिवस तिने खाल्ले, चौथ्या दिवशी ओठ घट्ट मिटून घेतले.

मी विचारले, "अगं, काय कमी आहे?" बोलता येत नव्हते. डाव्या हाताची तीन बोटे एकत्र धरून तिने चिमूट दाखवली. मीठ. मग ओट्याकडे बोट केले, ताकाच्या भांड्याकडे. त्या दिवशी मी तिच्या खुणांवर ताकातले ओट्स केले आणि वाटी रिकामी झाली. तेव्हापासून आजतागायत आमच्याकडे सकाळी आठला ओट्स असतात. ही आता बोलते, आणि सगळ्यात जास्त माझ्या फोडणीबद्दलच बोलते.

त्या चिमटीत मला सगळा विषय सापडला. ओट्स हा गोड पदार्थ आहे असे आपण धरून चाललो आहोत, आणि तिथेच त्याचे आणि आपले बिनसते. दुधातली गोड चिकट लापशी महिनाभर रोज कोण खाईल? पाकीट आणले जाते, चार दिवस खाल्ले जाते आणि मग डब्याच्या मागे जाऊन त्याला पोरकिडे होतात.

कुणी म्हणेल, हे घोड्याचे खाणे. खरे आहे. मी ग्रामीण शाखेत होतो तेव्हा दुभत्या जनावरांची कर्जे द्यायचो. गोठा बघायला गेलो की शेतकरी अभिमानाने ओटाचे हिरवे रान दाखवायचा. 'केंट' नावाचे वाण असायचे, रब्बीत पेरायचे आणि कापून म्हशीला घालायचे. आपल्या राज्यात ओट म्हणजे मुख्यतः चाराच. इंग्लंडमध्येसुद्धा हीच चेष्टा होती. डॉ. जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या शब्दकोशात ओट्सचा अर्थ देताना स्कॉटिश लोकांना टोमणा मारून घेतला होता, की इंग्रज जे घोड्यांना घालतात ते ही मंडळी स्वतः खातात.

पण त्या स्कॉटिश मंडळींकडे बघा. त्यांची जुनी पद्धत म्हणजे ओट्स, पाणी आणि मीठ. संपले. तिथे कारब्रिज नावाच्या गावात १९९४ पासून लापशी शिजवण्याची स्पर्धा भरते, तिच्या मुख्य फेरीत आजही या तीनच वस्तू चालतात. साखर, मध, दूध काही नाही. आता मला सांगा, हे ऐकून तुम्हाला काय आठवते? मी रत्नागिरीकडचा. मला उकड्या तांदळाची पेज आठवते, मीठ घातलेली, बाजूला लोणच्याची फोड. घाटावरच्यांना ज्वारीच्या कण्या आठवतील, नाचणीची आंबील आठवेल. आपल्या घराण्यातलाच पदार्थ आहे हा, फक्त धान्य दुसरे. पेज आपण वर्षानुवर्षे खाल्ली, कारण तिला मीठ होते, आंबट होते आणि तोंडी लावायला काहीतरी होते.

आता थोडा हिशेब, सवय जात नाही. एका माणसाला ४० ग्रॅम कोरडे ओट्स पुरतात. वाट्या सगळ्यांच्या वेगळ्या, म्हणून एकदा काट्यावर मोजा आणि ती वाटी कायमची ठरवून टाका. त्यात साधारण दीडशे कॅलरी, पाच ग्रॅम प्रथिने आणि चार ग्रॅम तंतू मिळतात. एक किलो एका माणसाला बरोबर पंचवीस दिवस जाते, रौप्यमहोत्सवी आकडा! मी साधे पाकीट साधारण दोनशे रुपये किलोने आणतो, म्हणजे वाटीला आठ रुपये. खारीसुद्धा एवढ्यात येत नाही.

ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. शिजवल्यावर जो बुळबुळीतपणा येतो ना, ज्याला आपण नाके मुरडतो, तोच हा. तो आतड्यात पित्ताला धरून ठेवतो आणि बाहेर नेतो. मग नवे पित्त करायला यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल उचलावे लागते. रोज तीन ग्रॅम पोटात गेले तर वाईट कोलेस्टेरॉल पाच-सात टक्क्यांच्या आसपास उतरते. अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने १९९७ मध्ये हा दावा पाकिटावर छापायला परवानगी दिली. आपल्या एका वाटीत त्यातले दीड-दोन ग्रॅम येतात, म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त. उरलेले हवे असतील तर जव आहे, त्यातही हाच तंतू असतो. आजी जवाचे सातूचे पीठ ताकात कालवून द्यायची, ते आठवा. मात्र हे रिकरिंगसारखे आहे. हप्ता रोजचा हवा, आठवड्यातून एकदा भरून चालत नाही. आणि पाच-सात टक्के म्हणजे गोळी बंद करायचा परवाना नव्हे.

यावरून एक गोष्ट निघते. काही जण चिकटपणा जावा म्हणून ओट्स पोह्यांसारखे चाळणीत धुतात. तसे करू नका, ज्याच्यासाठी आणले तेच मोरीत जाते. चिकटपणा नको असेल तर भाजा. जाड बुडाच्या कढईत, तेल न घालता, मंद आचेवर चार मिनिटे, खमंग वास सुटेपर्यंत. आठवड्याचे एकदम भाजून डब्यात भरले की रोजचे काम निम्मे होते.

दुकानात तीन प्रकार दिसतील. लापशी-रव्यासारखे तुकडे, ते शिजायला पंचवीस-तीस मिनिटे घेतात. जाड पोह्यांसारखे चपटे, ते सात-आठ मिनिटांत होतात. आणि अगदी बारीक, दोन मिनिटांचे. मधुमेह असेल तर बारीक टाळा, त्याने साखर लवकर चढते. मी चपटे वापरतो. मसाला ओट्सची छोटी पाकिटे मला मुळीच पसंत नाहीत. मागे छापलेला सोडियमचा आकडा भिंग लावून वाचा, बीपीवाल्यांना पुढचे सांगावे लागणार नाही.

ताकातले ओट्स असे करायचे. भाजलेले ४० ग्रॅम ओट्स मिक्सरमधून जाडसर फिरवा. गिळायचा त्रास असेल तर अगदी बारीक पीठ करा. दोन वाट्या पाण्यात कालवून, ढवळत ढवळत सहा-सात मिनिटे शिजवा. गॅस बंद करा आणि कोमट होऊ द्या. ही पायरी महत्त्वाची, उकळत्यात ताक ओतले की ते फुटते. मग एक वाटी ताजे ताक, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि ठेचलेली लसणाची पाकळी. वरून चमचाभर तेलाची हिंग-मोहरी-कढीपत्त्याची फोडणी. उन्हाळ्यात गार, पावसाळ्यात कोमट. सोबत लिंबाची किंवा कैरीची फोड असली की पेजेची आठवण येतेच.

उपमा तुम्हा सगळ्या वहिनींना माझ्यापेक्षा चांगला येतो, एवढेच सांगतो की पाणी ओट्सच्या बरोबरीने घ्या, जास्त नको, आणि झाकण ठेवून दोन मिनिटांत उतरवा. भिजवलेली मूगडाळ आणि मटार घातले तर पोट दुपारपर्यंत शांत राहते. थालीपिठाच्या भाजणीत एक तृतीयांश ओट्सचे पीठ खपते, पाहुण्यांना कळतही नाही. नात रात्री दह्यात भिजवून सकाळी खाते आणि त्याला काहीतरी इंग्रजी नाव सांगते. आम्ही त्याला दहीपोहेच म्हणतो, फक्त पोह्यांऐवजी ओट्स. रविवारी मी सफरचंद किसून, दोन खजूर घालून गोडाचे करतो. आणि हो, मी पोह्यांच्या विरोधात नाही. शनिवारी आमच्याकडे पोहेच असतात.

पहिल्या आठवड्यात निम्मी वाटी घ्या, नाहीतर पोटात गॅस धरतो, आणि दिवसभर पाणी पीत राहा. थायरॉइडची गोळी असेल तर ती आधी, आणि तासाभराने ओट्स. किडनीचे पथ्य असेल त्यांनी आणि ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये, कारण आपल्याकडच्या ओट्समध्ये गव्हाची भेसळ गिरणीतच होते. आणि घरात कुणाला गिळायचा त्रास असेल तर किती दाट ठेवायचे ते थेरपिस्टकडून ठरवून घ्या, माझ्या अंदाजावर जाऊ नका.

एक व्यवहाराचे. बी विंगमधले आमचे मित्र वहिनी गेल्यापासून सकाळी काही करत नाहीत, म्हणतात एकट्यासाठी कोण गॅस पेटवणार. गेले दोन महिने ते आठला आमच्याकडे येतात. आपापल्या मजल्यावर असा एखादा माणूस असेल तर ४० ऐवजी ८० ग्रॅम घाला, वेळ तेवढाच लागतो.

मागे क्लब हाउसच्या ओट्यावर दोन पातेली ठेवली आहेत. मोठ्यात लसूण आहे. लहान पातेले आपल्या जैन शेजाऱ्यांसाठी, त्यात लसूण नाही, जिरे आहे. मीठ बेताचे घातले आहे, हिने चाखून पास केले आहे. वाट्या प्रत्येकाने घरून आणल्या असतीलच, सूचना फलकावर तसे लिहिले होते. रांग लिफ्टच्या बाजूने लावा.