ऋतुजाची सर्व्हिस, आपल्या मुलींचे मैदान

(छत्रपती संभाजीनगर येथे कार्यकर्त्या मैत्रिणींच्या बैठकीत केलेले भाषण)



टेनिस हा श्रीमंतांचा खेळ, त्याचे स्त्री-चळवळीत काय काम, असे मघाशी कुणीतरी म्हणाले. श्रीमंतांचा आहे हे खरेच. 1934 साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री म्हणजे लीला राव. तिच्या आई क्षमाबाई संस्कृतात लेखन करीत आणि टेनिसही खेळत. घर मुंबईतले, सुस्थितीतले. असे घर किती जणींच्या वाट्याला येते?

म्हणून मला ऋतुजा भोसलेबद्दल बोलायचे आहे. जन्म 1996 चा, श्रीरामपूरचा. गोदावरी ओलांडली की आपला शेजारच. 30 सप्टेंबर 2023 रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तिने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. चिनी तैपेईच्या जोडीविरुद्ध पहिला सेट 2-6 असा गेला, मग 6-3, आणि शेवटचा टायब्रेक 10-4. बोपण्णा त्रेचाळीस वर्षांचा मुरलेला खेळाडू, त्यामुळे श्रेय कुणाच्या खात्यावर पडले ते सांगायला नको.

पण मिश्र दुहेरी जरा बारकाईने पाहा. दोन्ही बाजूंचा डाव बहुधा एकच असतो: चेंडू बाईकडे मारायचा. तीच कच्ची कडी, हे गृहीत धरलेले. (हे गृहीत आपल्याला घरातूनही ओळखीचे आहे.) म्हणजे सामना पुष्कळदा बाईच्याच रॅकेटवर ठरतो. तिने आपली सर्व्हिस राखली, समोरच्या पुरुषाची परतवली, तर डाव उलटतो. ऋतुजाचा भर जोरदार सर्व्हिस आणि फोरहँडवर. तिची विजेतेपदेही एकेरीपेक्षा दुहेरीत अधिक आहेत.

ती अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली, आणि इथे आपल्या कामाचा भाग येतो. तिथे 1972 साली कायदा झाला की, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला स्त्री-पुरुष भेद करता येणार नाही. त्याआधी बिली जीन किंग लॉस एंजेलिसच्या कॉलेजात शिकत होती. विम्बल्डनची दुहेरी जिंकलेली, तरी शिष्यवृत्ती नाही. त्याच शहरात शिकणाऱ्या आर्थर अ‍ॅशला मात्र होती. कायद्यानंतर कॉलेजांना मुलींचे संघ उभे करावे लागले, शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या, आणि ती वाट परदेशातल्या मुलींनाही खुली झाली. याच बिली जीनने 1970 मध्ये आठ जणींसह एका डॉलरचा करार करून स्त्रियांच्या वेगळ्या स्पर्धांची सुरुवात केली. 1973 पासून अमेरिकन ओपनमध्ये बक्षीस समान झाले. विम्बल्डनला 2007 उजाडले!

आता आपल्याकडे या. धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठी 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला मैदान पुरते. टेनिसला कोर्ट, रॅकेट, प्रवासखर्च लागतो, आणि परगावी सोबत कुणी जायचे हा प्रश्न असतोच. पाळी सुरू झाली की किती मुली मैदानावरून घरी बसतात, हे वस्तीत काम करणाऱ्या तुम्हाला मी काय सांगावे?

माझी एक सूचना आहे. गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात आठवडाभर संध्याकाळी आळीपाळीने जा. मुली किती, कोणत्या वयाच्या, स्वच्छतागृह उघडे आहे का, अंधार पडल्यावर परतीला रिक्षा कुठे मिळते, हे सगळे वहीत लिहा. पुढच्या बैठकीनंतर त्या वह्या घेऊन आपण जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जाऊ.