नीट विचारलं तर नीट कळतं



दात दुखायला लागला की आपण काय करतो? आधी लवंग धरतो, मग मिठाच्या पाण्यानं चुळा भरतो, मग दुकानातून एखादी गोळी आणतो. एवढ्यानं भागलं नाही आणि गाल सुजला, की एस. टी. धरून वर्धा नाहीतर हिंगणघाट गाठतो. खुर्चीवर बसलं की डॉक्टर म्हणतात, "तोंड उघडा." झालं! बोलणं तिथंच संपलं. उघड्या तोंडानं माणूस बोलणार काय?

म्हणून आज मी तोंड उघडण्याच्या आधीच्या पाच मिनिटांविषयी बोलणार आहे. दातांचा दवाखाना चालवताना औजारं नवी आली, औषधं नवी आली. पण माझं काम खरं सुधारलं ते प्रश्न बदलल्यामुळं.

एक अनुभव सांगतो. देवळीकडचे एक शेतकरी माझ्याकडे आले होते. भाजी तिखट लागते, तोंडाची आग होते, अशी त्यांची तक्रार. मी विचारलं, "तंबाखू खाता का?" ते म्हणाले, "नाही जी." मी कागदावर 'नाही' असं लिहिलं, जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि त्यांना वाटेला लावलं. दीड वर्षानं ते दाढ काढायला आले, तेव्हा तोंडात माझी दोन बोटंसुद्धा नीट जाईनात. या वेळी मी निराळं विचारलं, "सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत तोंडात काय काय जातं?" ते म्हणाले, "खर्रा खातो न जी. दिवसाच्या चार-पाच पुड्या." "मग तेव्हा का नाही सांगितलंत?" त्यांचं उत्तर मी अजून विसरलेलो नाही: "तुमी तंबाकूचं पुसलं, खर्ऱ्याचं कुठी पुसलं?"

ते गृहस्थ खोटं बोलले नव्हते. चुकला होता तो माझा प्रश्न. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा होतो, हे तुम्हीही जाणता आणि मीही जाणतो. पण आपल्याकडे त्याला कोणी तंबाखू म्हणत नाही. मिश्री लावणाऱ्या बाईला विचारा, तीही म्हणेल, "मी तर दात घासते." माणूस ज्या नावानं वस्तू ओळखतो, त्या नावानं विचारलं तरच खरं उत्तर मिळतं.

आणि यात सुपारीला निर्दोष समजू नका. सुपारीमुळं गालांच्या आतलं मऊ अस्तर हळूहळू ताठ होतं. आधी तिखट सोसवत नाही, मग गाल पांढुरके, दोरीसारखे घट्ट लागतात, मग तोंड उघडणं कमी होत जातं. आपल्या देशात डॉ. जोशी यांनी १९५३ साली या रोगाचं वर्णन केलं. पुढं काहींच्या बाबतीत त्यातून कर्करोग होतो. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगाला कारण होते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली दिला. ताठ झालेलं अस्तर पूर्ववत मऊ होणं फार कठीण. मात्र खर्रा लवकर सोडला तर पुढचं नुकसान टळू शकतं. घरी एक परीक्षा करून पाहा. आपल्याच हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घाला. मावत नसतील तर दाखवायला चला. आपल्या जिल्ह्यात सावंगी मेघे इथं १९९१ पासून दंत महाविद्यालय आहे.

दुसरा प्रश्न औषधांचा. "काही आजार आहे का?" असं विचारलं की बहुतेक जण "नाही" म्हणतात. साखरेची गोळी रोजचीच झालेली असते. तिला आजार कोण म्हणणार? म्हणून मी विचारतो, "रोज कोणकोणत्या गोळ्या घेता? पुडकं सोबत आहे का?" रक्त पातळ करणारी गोळी चालू असली आणि मला ते ठाऊक नसलं, तर दात काढल्यावर रक्त लवकर थांबत नाही. मात्र ही गोळी आपल्या मनानं बंद करू नका. फक्त सांगा.

तिसरा प्रश्न दुखण्याचा. "दुखतं का?" याला काही अर्थ नाही, दुखतं म्हणून तर माणूस आला! विचारायचं ते असं: थंड पाण्यानं कळ येते ती लगेच जाते, की रेंगाळते? रात्री झोपेतून उठवते का? कळ क्षणात जात असेल तर बहुधा दात भरून काम होतं. रेंगाळत असेल, झोप मोडत असेल, तर कीड आतल्या नसेपर्यंत पोचलेली असण्याचा संभव असतो. आणि फार दुखून आपोआप थांबलं, तर बरं झालं असं समजू नका. पुष्कळदा आतली नस मेलेली असते आणि पू मुळाशी साठत असतो.

चौथा प्रश्न मी फार उशिरा शिकलो. नस साफ करायला दोन-तीन खेपा लागतात. रोगी एकदा येतो आणि पुन्हा फिरकत नाही. पूर्वी मी रागानं विचारी, "का आला नाहीत?" माणूस मान खाली घाली. आता आधीच विचारतो, "कोणत्या वारी जमेल? गाडी कधीची आहे? वेचणी चालू आहे का?" कापूस वेचणाऱ्या बाईची मजुरी किलोवर, तिचा एक दिवस बुडला म्हणजे काय बुडलं, हे मला ठाऊक असायला हवं. तारीख तिच्या सोयीनं ठरली की ती येते.

सेवाग्रामला १९६९ साली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान सुरू झालं. तिथले विद्यार्थी आरंभी आश्रमात राहतात, पुढं एखाद्या गावाशी नातं जोडतात. गावात राहिल्यावर प्रश्न बदलतात, हीच त्यातली मेख आहे.

आता दोन शब्द गुरुजींना आणि बाईंना. "दात कोण घासतं?" असं वर्गात विचारलंत तर सगळे हात वर होतील. त्याऐवजी विचारा, "काल रात्री निजण्यापूर्वी शेवटचं काय खाल्लं? त्यानंतर दात घासले का?" आरसा द्या आणि प्रत्येकाला आपल्या दातांवरचे काळे ठिपके मोजायला सांगा. हातानं काम करून शिकावं, हा विचार १९३७ च्या ऑक्टोबरात आपल्या वर्ध्याच्याच शिक्षण परिषदेत मांडला गेला. स्वतःचे दात मोजणारं मूल धडा विसरणार नाही. आणि खर्ऱ्याची पुडी आणायला मुलाला कोण पाठवतं, हेही हळूच विचारा. रागावू मात्र नका.

शेवटी तुमच्यासाठी. डॉक्टरांना प्रश्न विचारायला भिऊ नका. "काढून टाका" म्हणण्याआधी तीन गोष्टी विचारा: हा दात वाचेल का? वाचवायला किती खेपा आणि किती पैसे लागतील? आणि काहीच केलं नाही तर काय होईल? नीट उत्तर मिळालं नाही तर पुन्हा विचारा. चणे आहेत तर दात नाहीत, अशी वेळ येण्यापेक्षा पाच मिनिटं बोललेलं बरं.